मोराचा झंपर

भुजंग अकरा महिने हैदराबादेत राहिला आणि परत आला तो मास्टर होऊनच आला. गेला तेव्हा जालन्याच्या सदर बाजारातल्या एका शिंप्याचा धाकटा भाऊ होता, पायात जोडा नव्हता आणि धोतराला स्वतःच्या हातचं ठिगळ होतं, तेही तिरपं. आला तो काळी शेरवानी घालून, आणि गळ्यात मापाची फीत अडकवून. ती फीत तो जेवतानाही काढत नसे. हैदराबादेत काय काम केलंस म्हणून विचारलं की, "नवाबांचं काम," एवढंच सांगायचा. नवाबांच्या शिंप्याकडं तो इस्त्रीत कोळसे भरायच्या कामावर होता, ही बातमी मागाहून आली. पण तोवर दुकानावर पाटी लागली होती, आणि एकदा लागलेली पाटी खाली उतरवायची आपल्याकडं पद्धत नाही.

पाटीवर लिहिलं होतं, 'डेक्कन फॅशन हाऊस, लेडीज स्पेशालिस्ट, भुजंग मास्टर.' एकदा मराठीत, एकदा उर्दूत आणि एकदा इंग्रजीत, म्हणजे ज्याला जे वाचता येत नाही त्यानं ते पाहून दबावं. दुकानाची पहिली अट मात्र अशी की, लेडीज स्पेशालिस्टच्या दुकानात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही. बाया येऊ लागल्या तर शरीफ घरचं गिऱ्हाईक तुटेल, असं मास्टरांचं म्हणणं होतं. कापड नवऱ्यानं आणायचं, माप नवऱ्यानं सांगायचं, फॅशन मास्टरांनी ठरवायची, आणि घालायचं काम तेवढं बाईकडं सोपवलेलं होतं.

या दुकानाच्या मागच्या खोलीत गोजरबाई बसायची. भुजंगच्या मोठ्या भावाची ही बायको. लग्न होऊन या घरात आली तेव्हा भुजंग चार वर्षांचा होता आणि त्याचा शेंबूड पुसायचं काम तिच्याकडं होतं. म्हणून आता सगळा बाजार त्याला मास्टर म्हणत असला तरी तिच्या तोंडून भुजंगच निघायचं. नवरा वारल्याला नऊ वर्षं झाली होती. तो बंड्या आणि पायजमे शिवायचा. चोळ्या बेतायचं काम मात्र पहिल्यापासून तिचं. कादराबादेतल्या मोमीनांच्या घरापासून जाफराबादच्या वाटेवरच्या देशमुखांपर्यंत, तिला चुलीपर्यंत मुभा होती.

तिच्याजवळ फीत नव्हती. एक सुताची दोरी होती. घरात जायची, बाईला उभी करायची, दोरी धरायची आणि गाठी मारायची. एक पाठीची, एक दंडाची, एक छातीची. मग बाईला सांगायची, हात वर कर, आता वाक, आता जात्यावर बसल्यासारखी बस. प्रत्येक वेळी गाठ थोडी सरकायची. "उभ्या बाईचं माप घिऊन काय करता? बाई दिवसातून उभी ऱ्हाती कितीक येळ?" असं ती म्हणायची. आणि चोळीला गाठ पुढंच. चोळी एका हातानं सुटली पाहिजे, कारण दुसऱ्या हातात पोर असतं, हे तिचं सगळं शास्त्र होतं.

मास्टरांनी हैदराबादेहून आल्याबरोबर पहिलं काम केलं ते म्हणजे तिच्या हातातली मोठी कात्री काढून घेतली.

"वैनी, आता कटिंग मी करून राह्यलो. तू काज-बटन कर, तुरपाई कर. कटिंग म्हंजे डोस्क्याचं काम हाये."

"मंग इतके दिवस मी काय पायानं करू राह्यले व्हते का?"

"तसं न्हाई. पर हैदराबादेत बाया कटिंग करत न्हाईत. बिलकुल न्हाई. कटर हा गडीमाणूसच पायजे."

ज्यांना बिघडलेली चोळी आयुष्यात एकदाही अंगावर घालायची नसते त्यांनीच ती कापावी, या न्यायात हैदराबाद पुढारलेलं होतं खरं. गोजरबाईनं सुईत दोरा ओवला. पण शिंप्याच्या घरात कात्री ज्याच्या हातात तो माणूस, आणि सुई ज्याच्या हातात तो मजूर, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बावीस वर्षं ज्या कात्रीनं तिच्या अंगठ्याला घट्टा पाडला ती आता दर्शनी भागात खिळ्याला लटकत होती, आणि तिच्याकडं बोट दाखवून भुजंग गिऱ्हाइकांना 'जर्मनचं पातं' असं सांगत होता.

आषाढात जलशाची बातमी आली. नव्या तहसीलदारसाहेबांच्या बेगम, सलमा बेगम, यांनी बंगल्याच्या अंगणात जनाना जलसा ठरवला होता. चारी बाजूंनी कापडी कनाती लावायच्या, आत फक्त बाया. गाणी, कशिदा, सरबत, आणि सगळ्यांत नामी पोशाखाला चांदीचं मेडल. गावातल्या बड्या घरांत एकदम गडबड उडाली. गंमत अशी की धावपळ सगळी पुरुषांची. काकासाहेब देशमुखांनी तर त्याच दुपारी मुलाला, बद्रीनाथला, दुकानात धाडलं. सोबत झंपरासाठी, म्हणजे नव्या तऱ्हेच्या चोळीसाठी, औरंगाबादी हिमरूचं कापड होतं, मोरपंखी रंगाचं, जाड, भारी आणि उकाड्यात अंगावर घेतलं तर गोधडी बरी वाटावी असं.

"मेडल आपल्याच घरात आलं पाहिजे, मास्टर. काकासाहेबांनी सांगितलंय."

"आलंच समजा. कोन घालनार?"

"आमचे घरचे," बद्रीनाथ म्हणाला. म्हणजे त्याची बायको, दुर्गाबाई. पाच महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती. मुलगा असता तर निदान त्याच्या भुकेची तरी कुणी आठवण काढली असती. मुलगी असल्यामुळं पोशाखाच्या चर्चेत तिचा विषयच निघाला नाही.

मग माप घ्यायचा सोहळा झाला. मागच्या खोलीच्या पडद्याआडून गोजरबाईनं तो सगळा पाहिला. बद्रीनाथ दुकानाच्या मधोमध उभा, आणि मास्टर फीत घेऊन त्याच्याभोवती फिरताहेत.

"उंची?"

"माझ्या इथपर्यंत येते," त्यानं खांद्यावर हात ठेवला.

"कमर?"

बद्रीनाथनं दोन्ही हातांचे पंजे हवेत धरले, थोडे जवळ आणले, आजूबाजूला कोण बघतंय का ते पाहिलं आणि आणखी थोडे जवळ आणले. बाळंतपणानंतर बायको भरली आहे, हे चारचौघांत कसं सांगायचं? त्यानं लग्नाच्या मांडवातलं माप सांगितलं. तेव्हा दुर्गाबाई पंधरा वर्षांची होती. मास्टरांनी ते वहीत इंचांत उतरवून घेतलं, आणि इंचात लिहिलेली गोष्ट चूक असते असं कुणाला वाटत नाही.

बद्रीनाथ गेल्यावर गोजरबाई पडद्याबाहेर आली.

"भुजंग, ते माप चार सालामागचं हाये. मी उद्या जाऊन दोरी लावून यीते."

"दोरी! वैनी, ही काय म्हैस हाये का दोरी लावायला? समद्या हैदराबादेत इंचावर काम चालू राह्यलंय."

"बरं, इंचावर कर. पर ते पुढून उघडायचं ठिव. लेकरू अंगावर पितंय तिचं."

मास्टरांनी डोळे मिटले. ही त्यांची विचार करण्याची नवी सवय होती. मग त्यांनी खडूनं हिमरूवर एक मोर काढला. पिसारा फुलवलेला, छातीभर पसरलेला, मान अगदी मधोमध.

"असा मोर जरीत भरायचा. आता सांग, याला मदून कापू मी? मोर अखंड पायजे. बटनं पाठीमागं. एकवीस. काचेची."

"पाठीमागं तिचे हात पोचतेल का?"

"तिचे कशाला पोचाया पायजेत? घरात बाया न्हाईत का लावायला?"

"आन् मोर जितं काढला तितं पदर असतो, बाबा. कोनाला दिसनार तुझा मोर?"

हा मुद्दा मास्टरांच्या ध्यानात आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसलं. पण मोठा कारागीर चूक दुरुस्त करत नाही, तो जगाला दुरुस्त करतो. "पदर सरकवायचा," ते म्हणाले. "नवी फॅशन."

"मंग लांडोर तरी काढायची. बाईच्या अंगावर गडी कशाला?"

"लांडोरीला पिसारा असतो का, वैनी?" मास्टर असे हसले, की आता पुढं बोलायचं काही उरलंच नाही. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी सांगून टाकलं, "हे बघ. हे मेडल भेटलं की कात्रीचा विषय कायमचा संपला. मंग मला पुन्यांदा शिकवायला यायचं न्हाई. तू मागं काज कर अन् गप बस."

गोजरबाई मागच्या खोलीत गेली. पण त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. मेडल आलं तर तिची कात्री गेली. आणि झंपर फसला तर देशमुखांचं दार गेलं, कारण काकासाहेबांना शिंपी सगळे एकच. शिवलं कुणी आणि बेतलं कुणी ही चौकशी मोठी माणसं करत नाहीत. वीस दिवस ती जरीचा मोर भरत बसली, एकेक पीस, डोळे पाण्यानं भरेस्तोवर. मोर दिसायला देखणा झाला, हे तिलाही कबूल करावं लागलं. हात तिचे होते ना.

जलशाच्या दिवशी देशमुखांच्या घरात दुर्गाबाईला तो झंपर चढवायला तीन बाया लागल्या. एकीनं पाठ आवळली, दुसरीनं बटणं लावली, तिसरीनं दुर्गाबाईला सांगितलं की श्वास घेऊ नको. एकविसावं बटण लागलं तेव्हा दुर्गाबाईचे हात अंगापासून वीतभर लांब उभे राहिले, शेतातल्या बुजगावण्यासारखे. सासू म्हणाली, "किती छान दिसतं!" नणंद म्हणाली, "असाच ताठा पाहिजे." दुर्गाबाई काय म्हणाली ते कळलं नाही, तिला बोलायला लागणारी हवा झंपरात शिरत नव्हती.

गोजरबाईला मास्टरांनी सोबत पाठवलं होतं. सुई, दोरा आणि धागे तोडायची लहानशी कात्री घेऊन. "बटन तुटलं त लाव. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाई," अशी ताकीद होती. स्वतः मास्टर कनातीच्या बाहेर बद्रीनाथ आणि काकासाहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. लेडीज स्पेशालिस्टला लेडीजचा जलसा पाहायची परवानगी नव्हती. पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आतापर्यंत तरी त्यांचं कुठं काही अडलं होतं?

आत गाणी चालली होती. सरबत फिरत होतं. दुर्गाबाई पाटासारखी ताठ बसली होती, कारण वाकता येत नव्हतं. घरून निघून अडीच तास होत आले होते. तिची मुलगी दाईच्या मांडीवर आधी कुरकुरली, मग तिनं मूठ तोंडात घातली, आणि मग जे रडणं सुरू केलं ते गाणाऱ्या बाईचा सूर चुकवूनही थांबलं नाही. बायांच्या माना वळू लागल्या. आणि मोराच्या पिसाऱ्यावर दोन ओले डाग उमटले.

गोजरबाईनं ते पाहिलं. तिनं दुर्गाबाईच्या दंडाला धरून उठवलं आणि पाणी तापवायच्या खोलीत नेलं; दाई पोरीला घेऊन मागोमाग आली. तिथं तिनं पाठीमागून बटणं काढायला घेतली. घामानं रेशमी काजं फुगून आवळली होती. पहिलं निघालं, दुसरं निघालं, तिसरं निघता निघेना. शेजारी पोरगी रडून रडून निळी पडत चालली होती.

"घराला जायाला किती येळ लागंल?" गोजरबाईनं विचारलं.

"अर्धा तास. आणि आपलं नाव पुकारायचं राहिलंय. मध्येच गेले तर मामंजी..." दुर्गाबाईनं पोरीकडं पाहिलं. आणि म्हणाली, "कापा हे, गोजरबाई."

त्या झंपराबद्दल दुर्गाबाईला बोलायला मिळालेलं हे पहिलं वाक्य होतं.

गोजरबाईनं कात्री उचलली. वीस दिवसांची जर. काकासाहेबांचा राग. भुजंगचं मेडल. बिघडलं तर 'शिंपिणीनं नासवलं' हे गावभर व्हायला संध्याकाळसुद्धा लागणार नाही, आणि मग कात्रीच काय, सुईसुद्धा कुणी हाती देणार नाही. तिनं पाठीकडून कात्री लावली आणि पुन्हा काढली. पाठ कापली तर झंपर अंगावर राहायचा नाही, आणि बाईला तर पुन्हा चारचौघींत जायचं आहे. पुढून कापलं तर बांधता तरी येईल.

"देवा, मोरा, माफ कर," असं म्हणून तिनं खालपासून वर कात्री चालवली. लहानशी ती कात्री, जाड हिमरू. चावत चावत गेली. मोर बरोबर मधोमध दुभंगला, मान या बाजूला अर्धी, त्या बाजूला अर्धी. दुर्गाबाईनं एवढा मोठा श्वास घेतला की गोजरबाईला वाटलं ही आता रडणार. पण ती हसली. पोरगी छातीला लागली आणि खोलीत एकदम शांतता झाली.

पोरगी पीत होती तोवर गोजरबाईचे हात थांबले नाहीत. कापलेल्या कडा आत दुमडल्या, भराभर टाके घातले, अस्तराची पट्टी फाडून खालच्या टोकांना जोडली. म्हणजे बावीस वर्षं करत आली तेच केलं. पोरगी झोपल्यावर तिनं दोन टोकं धरून खाली एक गाठ मारली, चोळीची मारतात तशी. दोन बाजूंना अर्धा अर्धा पिसारा, आणि मध्ये मोराच्या मानेखाली गाठ. नाव पुकारलं गेलं तेव्हा दुर्गाबाई झोपलेली पोर खांद्यावर टाकून सरळ चालत गेली. तिचे हात आता अंगाला लागत होते.

सलमा बेगम मसनदीवर बसल्या होत्या. चार लेकरांची आई. आधीच्या पाच बाया समोरून जाताना त्यांनी दोनदा जांभई दाबली होती. दुर्गाबाईला पाहून त्या पुढं झुकल्या.

"ये सामने से खुलता है? और गिरह लगी है?"

"हो," दुर्गाबाई म्हणाली.

"बच्ची को दूध इसी में पिलाया? अभी?"

"हो."

बेगमनी गाठ हातात घेतली, एका हातानं ओढली. ती सुटली. पुन्हा बांधली. मग शेजारच्या बायकांकडं वळून म्हणाल्या, "हमारे दर्जी को चार बच्चों तक ये अकल नहीं आई. किसने बनाया?"

गोजरबाई खांबाआड उभी होती. आयुष्यात कधी एवढ्या बायांसमोर ती बोलली नव्हती, पण ती एक पाऊल पुढं आली आणि म्हणाली, "म्या कापलं, बेगमसाहेब. मी गोजरबाई."

मदरशातली उस्तानी, म्हणजे मास्तरीण, यादी घेऊन बसली होती. तिनं चष्मा वर केला, खाली केला. "हां हां बाई, काटा होगा. मगर यहाँ भुजंग मास्टर लिखा है."

यादी तहसिलीत पुरुषांनी केली होती, चार दिवस आधी, आणि तिच्यावर शिक्का होता. निजामाच्या राज्यात शिक्क्यापुढं सलमा बेगमचंही काही चालत नसावं, कारण त्या फक्त गोजरबाईकडं एकदा नीट बघत राहिल्या आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. दुर्गाबाई काही बोलायला गेली, तेवढ्यात सासूनं तिच्या पदराला हिसका दिला. परत जाताना तिनं गोजरबाईचा हात मात्र इतक्या जोरानं दाबला की बांगडी रुतली.

मेडल देशमुखांच्या झंपरालाच ठरलं, आणि यादीतल्या नावावर कनातीबाहेर गेलं. बाहेर ते तहसीलदारसाहेबांनी मास्टरांच्या शेरवानीला लावलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, मास्टर, दोन शब्द बोला. मास्टरांना तेवढंच हवं होतं. आतल्या बायांना कनातीच्या कापडाला कान लावायची गरज नव्हती. आवाज अख्ख्या अंगणात येत होता.

"सहा महिने विचार केला साहेब, तवा हा पोशाख बनला. बाईला काय पायजे, हे खुद बाईला कळत न्हाई. त्याला कारागीर लागतो. लोकं म्हनले, पुढून उघडा ठेवा. मी म्हनलो, बिलकुल न्हाई! मोराला कात्री लागनार न्हाई!"

वाहवा, वाहवा झाली. काकासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. बाहेरच्यांपैकी तो झंपर अंगावर घातलेला एकानंही पाहिलेला नव्हता, त्यामुळं एकमत व्हायला वेळ लागला नाही. आत मात्र पन्नास बाया एकमेकींकडं बघू लागल्या, मग एक फिसकन हसली आणि मग सरबताचे पेले थरथरायला लागले. गोजरबाईला हसू आलं नाही. ती पाणी तापवायच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. तिच्या हातचा मोर, तिच्या हातची गाठ, आणि कात्री गेली ती गेलीच. तिला भुजंगचा राग आला, उस्तानीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, की चार वर्षांच्या त्या पोराचा शेंबूड आपण इतक्या मायेनं का पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसिलीचा शिपाई दुकानात आला. बेगमसाहेबांचा निरोप होता, ईदेच्या आत अगदी तस्साच झंपर आठ. एक त्यांना, बाकीचे अंमलदारांच्या घरी. मोर नको असेल त्याला वेलबुट्टी चालेल, पण 'वो बात' तीच पाहिजे. मास्टरांनी सलाम करून कापड ठेवून घेतलं.

"बराबर. वो बात तर माझी खासियत हाये," ते म्हणाले.

शिपाई गेला आणि मास्टर विचारात पडले. कुठली बात? बटणं? मोर? दुपारी बद्रीनाथ पानं घेऊन आला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरच्यांना पसंत पडला ना?"

बद्रीनाथ लाजला. "पुढचं काम फार बेस केलं, मास्टर."

"पुढचं?"

"आता तुमच्यापुढं काय बोलायचं," असं म्हणून त्यानं विषय बदलला. देशमुखांच्या सुनेचा झंपर पुन्हा बघायला द्या असं म्हणणं म्हणजे जोडे मागून घेणं. मास्टरांनी त्या रात्री शेरवानी काढली नाही, मेडलही काढलं नाही आणि झोपलेही नाहीत. पहाटे त्यांनी एक झंपर कापला, एकवीसऐवजी एकतीस बटणांचा. तो शिपायाबरोबर दाखवायला गेला आणि तासाभरात परत आला. बेगमसाहेबांनी विचारलं होतं, मास्टरांची तबियत ठीक आहे ना?

ईदेला सहा दिवस उरले. मास्टर पडदा सारून मागच्या खोलीत आले. गोजरबाई दारातल्या उजेडात काज करत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"वैनी."

"हं."

"तू आत व्हतीस ना? जलशात?"

"व्हते."

मास्टर उकिडवे बसले. मेडल गुडघ्याला लागून खणखणलं. सगळ्या जालन्यात ज्याला बाईला काय पाहिजे ते कळत होतं, तो माणूस शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाला, "वैनी, मी शिवलंय तरी काय?"

गोजरबाईनं सुई थांबवली. दोन दिवस तिनं मनात किती काय काय जुळवून ठेवलं होतं, पण त्याचा तो रडवेला चेहरा पाहून तिला एकदम हसू फुटलं. ती हसली ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"मोर कापला म्या. मदून," ती म्हणाली. "पोरगी उपाशी व्हती. कापला अन् गाठ मारली. तुला ज्याचं मेडल भेटलं ती जुनी चोळी हाये, भुजंग. तुझ्या आईच्या अंगावर व्हती तीच."

मास्टरांचा चेहरा पडला. पण आठ झंपर होते आणि सहा दिवस होते. "पाटीवर तुझं नाव घालतो, वैनी," ते घाईनं म्हणाले. "बारीक अक्षरांत. माझ्या खाली."

"पाटी तुझीच ऱ्हाऊ दे. मला वाचता येत न्हाई अन् पाटीनं कापड कापत न्हाई." तिनं हातातलं काजाचं काम त्याच्या मांडीवर ठेवलं, सुईसकट, आणि हात पुढं केला. "कात्री आन."

मास्टर उठले. दर्शनी भागात गेले. खिळ्यावरची कात्री काढताना समोरचा पानवाला बघतोय असं त्यांना वाटलं, म्हणून ती शेरवानीच्या बाहीत दडवून आणली. गोजरबाईनं अंगठा आत घातला. घट्टा जागच्या जागी बसला. तिनं बेगमसाहेबांचं रेशीम जमिनीवर पसरलं, गुडघ्यावर ओणवी झाली, आणि मग वर बघितलं, कारण भुजंग हातात सुई घेऊन अजून दारातच उभा होता.

"मागं सर," ती म्हणाली. "उजेड अडू राह्यलाय."